व्हिडिओतून कापलेलं ‘नाही’

बाई : दार हवं तर लावून घ्या, पण मी हळू बोलणार नाही.

मोठ्या बाई : पोरगी बसलीय इथे. आणि भिंतीपलीकडे हॉल गच्च भरलाय. पालक आलेत, संस्थेचे अध्यक्ष पुढच्या रांगेत बसलेत. आवाज आवरा जरा.

बाई : त्या पोरीसाठीच तर ओरडतेय! कोण कुठला माणूस गेटवर येतो काय, तिच्या घरचा गुप्त शब्द बरोब्बर सांगतो काय, आणि आपला गेटवरचा दादा तिचं दप्तर त्याच्या हातात देतो काय! कमाल झाली.

मोठ्या बाई : दप्तर दिलं. मुलगी नाही दिली.

बाई : दादाने नाही दिली असं म्हणायचंय का तुम्हाला? तो तर तिला उठवत होता, ‘ऊठ बाळा, काका थांबलेत.’ हिनेच जमिनीवर फतकल मारली आणि गेटचा गज धरून बसली, म्हणून वाचली. मी धावत गेले तोवर तो दप्तर टाकून पसार.

मोठ्या बाई : दादाने नियम पाळला. नेहमीचं माणूस सोडून दुसरं कुणी न्यायला आलं, तर त्याने मुलाच्या घरचा शब्द सांगायचा. जुळला की मूल सोडायचं. नियम तुम्हालाही पसंत होता.

बाई : होता ना. शब्द घरातल्या घरात राहिला असता तर अजूनही असता.

मोठ्या बाई : एखादा लांबचा नातेवाईक असेल हो. आपण उगाच राईचा पर्वत करतोय.

बाई : तिच्या बाबांशी बोलले मी. कुणालाही पाठवलं नव्हतं. ते निघालेत तिकडून, येतीलच. ठमे, इकडे बघ राजा. तो काका काय म्हणाला, ते मोठ्या बाईंना सांग.

ठमी : म्हणाला, ‘तीन पायांचं मांजर.’ आणि हसला. मग म्हणाला, बाबांना उशीर होणारे, मी सोडतो तुला.

बाई : तू ओळखत होतीस त्याला?

ठमी : नाही. पण तो मला ओळखत होता. म्हणाला, ‘काय ठमाबाई, नवा दात आला की नाही?’

बाई : ऐकलंत? दात! शाळेच्या पेजवर आपण जो व्हिडिओ टाकला, त्यात ही आधी पडलेल्या दाताचं खिंडार दाखवते, मग सांगते, ‘मी ठमी, पहिली ब, आमच्या घरचा गुप्त शब्द आहे तीन पायांचं मांजर.’ अंगात गणवेश, गणवेशावर शाळेचं नाव. अजून काय द्यायचं राहिलं? घराची किल्ली?

मोठ्या बाई : त्या व्हिडिओचा हेतू चांगला होता. ‘इंटरनेटवर सुरक्षित बालक’ असा आठवडा साजरा करणारी आपली एकटीच शाळा. लोकांनी डोक्यावर घेतला तो व्हिडिओ. कुठल्या कुठल्या शाळांनी पुढे पाठवला.

बाई : तेच म्हणतेय मी. मुलांना घसा कोरडा करून शिकवलं, की फोनवर, गेममध्ये, कुणालाही आपलं नाव सांगायचं नाही, शाळा सांगायची नाही, फोटो द्यायचा नाही. आणि ते सगळं आपणच एका माळेत ओवून जगाच्या दारात टांगलं. वर खाली लिहिलं, ‘आमची सावध मुलं.’ आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

मोठ्या बाई : चित्रीकरणाच्या वेळी तुम्ही तिथेच उभ्या होतात.

बाई : होते. कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून टाळ्या पिटत होते. पोरं इतकी खुशीत होती! ‘आमचा शब्द आजोबांची कवळी!’, ‘आमचा फुटका फुगा!’ मीच हसून लोटपोट. मला वाटलं, आजच्या कार्यक्रमात पालकांना दाखवायला आहे. पेजवर गेला ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावरसुद्धा माझी ट्यूब पेटली नाही. माझं डोकं काय शेण खायला गेलं होतं कुणास ठाऊक! हे मी कुणाच्याही तोंडावर कबूल करीन.

मोठ्या बाई : कबूल करायची काही गरज नाही. हे बघा, फोन हातात आहे माझ्या. काढला व्हिडिओ. गेला. आता हॉलमध्ये चला. अध्यक्ष तुमचा सत्कार करतील, दोन शब्द बोला, हसा आणि घरी जा. उद्या शांतपणे बसून ठरवू पुढचं.

बाई : बैल गेला नि झोपा केला! लोकांच्या फोनात उतरलाय तो. त्या माणसाला तर पाठ झालाय. आज ठमीला न्यायला आला, उद्या ‘फुटका फुगा’ म्हणत दुसऱ्या कुणाच्या दारात उभा राहील. सगळे शब्द बदलायला हवेत, मोठ्या बाई. आज. आत्ता. हॉलमधून घरी जायच्या आधी प्रत्येक आईबापाला कळायला हवं.

मोठ्या बाई : अध्यक्षांच्या देखत?

बाई : त्यांचीही हरकत नसेल, माणूसच आहेत ते.

मोठ्या बाई : थट्टा नको. तुम्हाला अजून शाळा चालवणं काय असतं ते माहीत नाही. एक वाक्य उच्चारलं तर रात्रीपर्यंत गावभर होईल, की त्या शाळेतून पोर पळवत होते. अर्धे पालक मुलांची नावं काढून घेतील. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई.

बाई : या मुठीत पोरं आहेत. गुदमरतील.

मोठ्या बाई : हळूहळू बदलून घेऊ ना शब्द. चिठ्ठी पाठवू घरोघरी. ‘काही तांत्रिक कारणाने’ असं लिहू.

बाई : तांत्रिक कारण! खरं कारण सांगायला काय होतं? आणि चिठ्ठी जाईपर्यंत काय, तो माणूस उपास करून बसणारे?

ठमी : बाई, मला पाणी हवंय.

बाई : घे गं सोन्या, माझ्या बाटलीतलं घे. सांडू नकोस. सांड, सांडलं तरी चालेल.

मोठ्या बाई : एवढी घाबरलेली नाही ती. बघा, मजेत चित्र काढतेय.

बाई : तिला विचारा तरी. ठमे, काकाने शब्द बरोबर सांगितला होता ना गं? मग तू गेली का नाहीस?

ठमी : तो खूप गोड बोलत होता.

मोठ्या बाई : गोड बोलला म्हणून नाही गेलीस?

ठमी : तुम्ही नव्हता ना त्या दिवशी वर्गात. बाई पडद्यामागे बसल्या होत्या आणि गोडगोड बोलत होत्या. ‘मीपण सात वर्षांची आहे, मलापण मांजर आवडतं, तुझी शाळा कुठली गं?’ तुषाने सांगूनपण टाकली. मग बाई पडद्यातून बाहेर आल्या तर त्यांना ही एवढी मिशी!

मोठ्या बाई : मिशी?

बाई : काळ्या लोकरीची. गेममध्ये पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही, हे सहा-सात वर्षांच्या पोराला आणखी कसं शिकवायचं?

ठमी : पहिल्यांदा रिंकू रडला. मग आम्ही सगळे ओरडलो, ‘नाही सांगणार! नाही येणार! नाही देणार!’ बाई म्हणाल्या, अजून जोरात. बाई म्हणाल्या, मोठ्या माणसालापण म्हणायचं. शब्द बरोबर असला तरी पोटात कसंतरी झालं तर म्हणायचं. मला त्या काकाजवळ पोटात कसंतरी झालं. मला वाटलं, आता ह्याची मिशी निघणार.

बाई : शहाणी माझी पोर ती. वाघीण आहे.

ठमी : मी त्याला चावणार होते, पण त्याने हात मागे घेतला.

बाई : ते बघितलंत ना, मोठ्या बाई? शब्दाने नाही वाचली ती. शब्दाने तर घात केला होता. ‘नाही’ म्हणाली म्हणून वाचली. आणि तुमच्या व्हिडिओत हे ‘नाही’ आहे का कुठे? पडदा आहे? मिशी आहे?

मोठ्या बाई : तो भाग कापला होता.

बाई : कुणी?

मोठ्या बाई : मी कापायला सांगितला. उगाच कांगावा दिसत होता तो. मुठी आवळून किंचाळणारी पोरं. मोठ्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणा, हे शाळा शिकवते? उद्या आपल्यालाच म्हणतील. शाळेला एक वळण असतं.

बाई : म्हणजे जे झाकायचं ते दाखवलं आणि जे दाखवायचं ते कापलं. वा! या वळणावरून आज एक पोरगी जाणार होती.

मोठ्या बाई : तोंड सांभाळून बोला.

बाई : इतकी वर्षं सांभाळलंच. ‘हो मोठ्या बाई’, ‘बरं मोठ्या बाई’. पोरांना ‘नाही’ म्हणायला शिकवणारी बाई स्वतः इथे येऊन नंदीबैलासारखी मान हलवते. लाज वाटते मला. मी पोलिसांना फोन केलाय.

मोठ्या बाई : काय? कुणाला विचारून?

बाई : कुणालाच विचारलं नाही. गेटवर दप्तर उचलताना केला. येताहेत ते.

मोठ्या बाई : अहो, आज कार्यक्रम आहे शाळेचा! तुम्हाला कळतंय का काय केलंत? तुमच्या नोकरीचा तरी विचार करायचा. किती वर्षं हंगामी आहात तुम्ही? या महिन्यात तुम्हाला कायम करायचं ठरलंय, माझ्या शिफारशीवर. अध्यक्षांना आज तुमचा चेहरा दाखवायचा म्हणून हा सत्कार. घरात मिळवतं माणूस तुम्ही एकट्या. सासूबाईंचं औषधपाणी, मुलाची फी. मी शत्रू नाही तुमची.

बाई : माहितीये. म्हणून तर अजून इथे थांबलेय मी. खोटं कशाला बोलू? कायम व्हायचं म्हणून मी काय काय गिळलंय ते माझं मला ठाऊक. पण हे नाही गिळता येणार.

मोठ्या बाई : मग मी तुम्हाला माईक देणार नाही.

बाई : नका देऊ. वर्गावर तीस पोरांना शिकवणारा घसा आहे हा. हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.

मोठ्या बाई : नोकरी जाईल.

बाई : जाऊ दे.

मोठ्या बाई : म्हणणं सोपं असतं.

बाई : अजिबात सोपं नाही. तरी म्हणतेय.

ठमी : मोठ्या बाई, तुम्ही माझापण शब्द बदलून देणार का?

मोठ्या बाई : तुझा शब्द तुझे आईबाबा बदलतील हं. तू चित्र काढ.

ठमी : पण चिऊचा तर तुम्ही बदललात.

बाई : कोण चिऊ? आपल्या वर्गातली?

ठमी : हो. मोठ्या बाईंची चिऊ. ती म्हणाली, आजीने माझा शब्द सोमवारीच बदलला, जुना आता कुणी म्हटला तरी जायचं नाही. आणि म्हणाली, कुणाला सांगू नकोस, आजीने शप्पथ घातलीय. मी कुणाला सांगितलं नाही. आत्ताच सांगितलं.

बाई : मोठ्या बाई?

मोठ्या बाई : लहान मुलं काहीही बोलतात.

बाई : माझ्याकडे बघून सांगा.

मोठ्या बाई : चला आता, हॉलमध्ये वाट बघताहेत.

बाई : तुमच्या नातीचा शब्द सोमवारी बदललात? आणि आज गुरुवार.

मोठ्या बाई : संध्याकाळी ती मांडीवर बसली होती. कौतुकाने लावला व्हिडिओ. ही माझी मैत्रीण, हा माझा मित्र, करत होती. मग ती स्वतः आली पडद्यावर आणि तिने तिचा शब्द सांगितला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘किती गोड गं चिऊ.’ कोण होता, कुणास ठाऊक. नाव नाही, चेहरा नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिथल्या तिथे बदलला.

बाई : आणि आमचे?

मोठ्या बाई : कार्यक्रम तोंडावर आला होता. पत्रिका गेल्या होत्या. म्हटलं, एवढा पार पडू दे, मग हळूच काढून टाकू. चार दिवसांत काय होतंय, असं वाटलं हो.

बाई : व्हिडिओसुद्धा तसाच ठेवलात.

मोठ्या बाई : मी आजी आहे तिची. आधी तीच दिसली मला.

बाई : दिसणारच. त्याबद्दल कोण काय बोलेल? पण मघाशी मी आल्यापासून तुम्ही ‘राईचा पर्वत करतोय’ म्हणताय! नातेवाईक असेल म्हणताय! तुम्हाला सगळं कळत होतं. मी मूर्ख होते, मला उशिरा उमगलं. तुम्हाला वेळेवर उमगलं आणि तुम्ही आपल्यापुरती कडी लावून घेतलीत. ही पोर तिकडे गज धरून बसली होती, मोठ्या बाई. तिच्या तळहातावर गंज लागलाय अजून. बघा. बघा ना!

ठमी : साबणाने जाईल तो.

मोठ्या बाई : आता हे तुम्ही आत जाऊन सांगणार?

बाई : माझं मी सांगणार. तुमचं तुमच्याजवळ.

मोठ्या बाई : म्हणजे?

बाई : म्हणजे मी चुगली करणार नाही. पण कुणी विचारलं तर तुमच्या वतीने खोटंही बोलणार नाही. चल गं ठमे. चित्र घे, दप्तर मी घेते.

मोठ्या बाई : तिला कशाला तिथे?

बाई : कारण तिचे बाबा येईपर्यंत मी तिचा हात सोडणार नाही. नियम म्हणा हवं तर. आजपासूनचा.

(हॉल. टाळ्या सुरू होतात. बाई ठमीचा हात धरून माईकपाशी जातात; मोठ्या बाई मागोमाग येऊन मंचावरच्या खुर्चीजवळ थांबतात.)

बाई : टाळ्या नकोत. खरंच थांबा. अध्यक्षसाहेब, फुलं राहू देत. मला आधी बोलायचंय, आणि ऐकायला चांगलं नाही ते.

ठमी : बाई, माईक खाली करा, मी दिसत नाहीये.

बाई : दिसायची गरज नाही, राजा. उलट माझ्यामागे उभी राहा. तर ऐका. तुम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. तुमच्या मुलांनी त्यात घरचे गुप्त शब्द सांगितलेत. सांगायला मी लावले. चूक माझी. आज एक माणूस त्यातलाच एक शब्द घेऊन आपल्या गेटवर आला होता. मूल सुखरूप आहे. बसा, बसा, सगळी मुलं वर्गात आहेत, दोन शिक्षिका दाराशी आहेत. मी मोजून आलेय. बसा ना, ताई, तुमचं पोर ठीक आहे. पोलीस येताहेत.

मोठ्या बाई : सर्वांनी शांत राहावं, कृपया.

बाई : आता काय करायचं ते सांगते. शब्द बदलायचा. इथे नाही, घरी. मुलाच्या कानात. मला सांगायचा नाही, शाळेला सांगायचा नाही, गेटवर जुळला की नाही ते मूलच सांगेल, फोनवर तर लिहायचाच नाही. तो व्हिडिओ ज्याला ज्याला पाठवलाय त्याला पुसायला सांगा, मावशीला पाठवला असेल तर मावशीलासुद्धा. वाढदिवसाचे, गणवेशातले, घराबाहेरचे फोटो टाकताना हात आखडता घ्या. आणि सगळ्यात मोठं काम. मूल एखाद्या काकाला, मामाला, कुणालाही ‘नाही’ म्हणालं, तर ‘असं नाही बोलू’ म्हणून धपाटा घालू नका. पापा द्यायचा नसेल तर नाही द्यायचा. आज गेटवर शब्द बरोबर होता. नियम बरोबर होता. दादा प्रामाणिक होता. सगळे मोठे मिळून एक मूल घालवून बसलो असतो. त्या मुलाने नियमाला ‘नाही’ म्हटलं, म्हणून मी इथे बोलतेय.

ठमी : ते मूल मी आहे.

बाई : गप गं! बघा, हे असं आहे. अजून खूप शिकवायचंय. हं, बोला. निळा शर्ट, मागच्या रांगेत. हो, रागवा, तुमचा हक्कच आहे. मला शिक्षिका कुणी केलं? विचार करण्यासारखा प्रश्न आहे. तक्रार लिहून द्या, मी सही करीन त्यावर. अध्यक्षसाहेब, माईक बंद करायला सांगू नका, मी ओरडून बोलेन. हां, तुम्ही ताई, विचारा. काय? मोठ्याने विचारा, सगळ्यांना ऐकू दे.

ठमी : त्या विचारताहेत, शाळेला कधी कळलं.

बाई : मला आज कळलं. गेटवर, दप्तर उचलताना. शाळेला कधी कळलं ते मी सांगू शकत नाही. ते सांगणाऱ्या इथेच आहेत. मोठ्या बाई, हा घ्या माईक.

ठमी : त्या घेत नाहीयेत.

बाई : घेतील. थांब जरा. मी हात खाली करणार नाही.

मोठ्या बाई : द्या. … मी बसून बोलले तर चालेल ना? … मला सोमवारी कळलं होतं.